घरी शिकणारी अकरा मुलं

सान आमादो,
११ एप्रिल

प्रिय आई,

आधी आशीर्वाद दे, मग पुढचं वाच.

मी बरी आहे. खोकला गेला. तू पाठवलेली लाल मिरचीची पूड अर्धी संपली, कारण घरमालकीण आधी तक्रार करते की सगळ्या घरात वास भरतो, आणि मग वाटी घेऊन दारात उभी राहते. वारा सुटलाय. खिडकीच्या फटीतून इतकी माती येते की सकाळी उशीवर डोक्याएवढीच जागा स्वच्छ असते.

यंदा पाटाच्या सफाईला मला येता आलं नाही. बाबांच्या जागी फावडं घेऊन कोण उभं राहिलं? तूच राहिली असशील. भाड्याचा माणूस लावायची मुभा आहे, पण तू लावणार नाहीस, हे मला आणि सगळ्या गावाला माहीत आहे. कंबर कशी आहे ते खरं लिही.

शाळा कशी चाललीय म्हणून विचारलंस. बरी चाललीय. अजून त्या जुन्या स्केटिंगच्या रिंकमध्येच आहोत. वर्गांमधल्या लाकडी भिंती छतापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे गणिताच्या तासाला मुलं इतिहासातली युद्धंही ऐकतात. छत दोन ठिकाणी गळतं. मागच्या भिंतीवरची पाटी अजून कुणी काढलेली नाही: ‘उलट दिशेने जाऊ नये.’ नाताळात तू सगळ्यांसमोर म्हणालीस ना, “पैसा राज्याचा, कारभार यांच्या मंडळाचा आणि भाडं हॅचरच्या खिशात. मग ही चार्टर शाळा नक्की कुणाची?” सगळे हसले, मीही हसले. पण हॅचर त्याच मंडळात बसतो हे मी तेव्हा सांगितलं नाही. नवी इमारत झाली तर तीही त्याच्याच जमिनीवर होणार आहे.

नव्या इमारतीचं बोलणं जोरात आहे. राज्य दरवर्षी प्रत्येक शाळेचा निकाल छापतं आणि अक्षर देतं. सलग तीन वर्षं ‘बी’ मिळालं की इमारतीचा पैसा मिळतो. आम्हाला ‘बी’ दोनदा मिळालंय. यंदाचं अक्षर जूनमध्ये कळेल. पण आमच्या मुख्याध्यापिका मिस क्विंताना यांना इतकी खात्री आहे की त्यांनी गेल्या शुक्रवारी केक आणला. त्यावर हिरव्या साखरेचं भलंमोठं बी. पहिला तुकडा हॅचरने कापला. मलाही दिला. मी तो कागदी रुमालात गुंडाळून कचऱ्यात टाकला, आणि मग वाया घालवला म्हणून दिवसभर वाईट वाटत राहिलं.

माझं काम तेच, नोंदणीचं. नववीला आलेल्या मुलांपैकी किती जणांनी चार वर्षांत शाळा पुरी केली, हा आकडा राज्याला लागतो. मधेच गळालेलं प्रत्येक मूल आकडा खाली ओढतं. दुसऱ्या शाळेत गेलेलं किंवा घरी शिकणारं मूल मात्र मोजतच नाहीत. यंदा आमच्याकडे घरी शिकणारी मुलं बरीच वाढली. मिस क्विंताना म्हणतात, लोकांना आता तुझ्या आईसारखं मुलांना घरीच शिकवणं पटायला लागलंय.

दोन लहान गोष्टी. तुझ्या हायस्कूलच्या परीक्षेच्या दाखल्यावरचा क्रमांक आणि तारीख कळव. आणि शिक्षण खात्याचा एखादा लिफाफा आला तर बाजूला ठेव. मी आले की बघेन. तू डोळ्यांना ताण देऊ नकोस.

फोन करणार होते. पण फोनवर तू ओरडतेस आणि मी गप्प बसते.

तुझी,
देल्फिना


सान आमादो,
९ मे

प्रिय आई,

तुझं पत्र मिळालं. क्रमांक, तारीख, आणि खाली एकच शब्द: ‘कशाला?’ मग पानाच्या मागच्या बाजूला बाकीचं.

घरी शिकवायला लागणारा तो दाखला तू एकतिसाव्या वर्षी मिळवलास, मला मांडीवर घेऊन. धाकटा काका सांगायचा, परीक्षेसाठी तू नव्वद मैल ट्रकमधून खाली गेलीस, आणि दाखला हाती येईपर्यंत चार महिने माझ्या दोघा मोठ्या भावांना एक धडा दिला नाहीस. ती पोरं शेळ्यांमागे हिंडली. कोण तपासायला येणार होतं तिथे? काकाने विचारलं तेव्हा तू म्हणालीस, “परवानगी नसताना शिकवलं तर ते शिकवणं नाही, नुसती बडबड.” हे मला गेला महिनाभर रोज आठवतंय.

‘लिफाफा माझ्या नावाचा होता म्हणून उघडला,’ असं तू लिहिलंस. बरोबरच केलंस. आत अकरा मुलांची यादी आहे, आणि या मुलांना घरी शिकवणारी व्यक्ती म्हणून तुझं नाव आहे, एउफेमिया आर्चुलेता. ‘मी यातलं एकही पोर पाहिलेलं नाही. ही पोरं कोण?’ असं तू विचारतेस.

सांगते.

हिवाळ्यात काही मुलं शाळेत यायची थांबली. कुणी डेअरीवर कामाला लागलं, कुणी बापाबरोबर तेलाच्या विहिरींवर गेलं, एकीला बाळ झालं. नियमाने अशांसमोर ‘शाळा सोडली’ लिहायचं. फेब्रुवारीत मिस क्विंताना फॉर्मचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. वर छापलं होतं, ‘घरी शिक्षण देत असल्याची सूचना’. पालकांच्या सह्या त्यांनी घरोघर जाऊन आणल्या होत्या. स्वतः गेल्या, बरं का, बर्फातून, प्रत्येक घरी घरच्या बिस्किटांचा डबा घेऊन. वाईट बाई नाही ती. म्हणूनच मला तिची जास्त किळस येते. उघड लबाड असती तर मला सोपं गेलं असतं.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “हा एक रकाना रिकामा राहिलाय. शिकवणाऱ्याचं नाव. आई-बापांपैकी कुणी हायस्कूल पास नाही. तुझी आई शिकवते ना?”

“शिकवायची. आम्हाला. आता नाही.”

“दाखला आहे ना तिच्याकडे? झालं तर! तुम्हा सगळ्या भावंडांचं भलं केलं तिने. तिच्यासारखी बाई साऱ्या जिल्ह्यात नाही.”

“पण तिला विचारायला हवं.”

“अगं, नाव कागदाला हवंय. आईला कोण त्रास देतंय?”

तर अशा रीतीने तुझं नाव त्या फॉर्मांवर लिहिलं गेलं. ऑफिसात अशा गोष्टी होतात, आई. दहा हात लागतात एका कागदाला.

त्या अकरा जणांत मारिक्रूस तेनोरिओ म्हणून एक मुलगी आहे. सतरा वर्षांची, बीजगणितात पहिली. आईचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून ही तिच्या जागी डेअरीवर धारा काढायला जाऊ लागली. सही तिच्या आजोबांनी केली. त्यांना वाटलं, रजेचा अर्ज आहे. मागच्या शनिवारी ती मला दुकानात भेटली, पिठाच्या पोत्यांपाशी. अंगाला दुधाचा आंबूस वास.

“मिस,” ती म्हणाली, “आईला आता काठी घेऊन चालता येतं. मी परत यायला ऑफिसात गेले होते. तर म्हणाले, तू घरी शिकतेस.”

मी पोत्यांवरचे भाव वाचायला लागले.

“कोण शिकवतं मला? गाई? त्यातली एक हुशार आहे, पण तिचं गणित कच्चं आहे.”

तिच्यामागे उभी असलेली बाई हसली. मारिक्रूस नाही हसली. तिला सांगितलंय की घरी शिकणाऱ्या मुलीला परत यायचं तर नव्याने अर्ज करायचा, आणि जागांसाठी चिठ्ठ्या निघतील त्यात नाव आलं तर यायचं. ‘शाळा सोडली’ असं लिहिलं असतं तर तिची जागा तिचीच राहिली असती. तीन वर्षांचा अभ्यास झालाय तिचा. एकच वर्ष उरलंय. पण मग ती आकड्यात आली असती.

खात्याच्या पत्राला तू सध्या उत्तर देऊ नकोस. पंधरा जूनपर्यंत मुदत आहे. उत्तर आलं नाही तर ते सगळं ठीक आहे असं धरून चालतात, आणि विषय मिटतो. माझ्यासाठी एवढं कर.

रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेले होते, पण पापनिवेदनाच्या रांगेत उभी राहिले नाही. गर्दी होती.

तुझी,
देल्फिना


सान आमादो,
३ जून

प्रिय आई,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. मारिक्रूसच्या हाती देते आहे, कारण तू माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर आहेस.

तू खाली आल्याचं मला घरमालकिणीकडून कळलं. “तुझी आई चर्चच्या तळघरात शाळा भरवते म्हणे! आणि तू मला सांगितलंही नाहीस!” तिला वाटलं, मी लाजतेय. मग बाकीचं मारिक्रूसने सांगितलं. तू डेअरीच्या फाटकाशी उभी होतीस, पाळी सुटायच्या वेळी, हातात पुस्तकांची पिशवी. ती बाहेर आल्यावर तू विचारलंस, “तेनोरिओंची मारिक्रूस तूच का? मी एउफेमिया. राज्य म्हणतं मी तुझी बाई आहे. तू कुठवर आलीयस?” तिला आधी वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग तू तिथेच, ट्रकच्या बॉनेटवर, तिला एक गणित घातलंस.

अकरापैकी पाच जण येतात म्हणाली. मंगळवारी आणि गुरुवारी. बाळंतीण मुलगी बाळ घेऊन येते, आणि ते रडलं की तूच त्याला खांद्यावर घेऊन फळ्याशी उभी राहतेस. नव्वद मैल येतेस आणि नव्वद मैल जातेस. आता चार वेळा येऊन गेलीस. माझ्या दाराशी एकदाही आली नाहीस.

मी रागावले नाही. मला नुसती भीती वाटली.

शाळेतही बातमी पोचली. गेल्या गुरुवारी मिस क्विंताना जवळजवळ धावतच माझ्याकडे आल्या. डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. “बघितलंस? मी म्हटलं नव्हतं? आता तर खरंच झालं! कागद आधी आला आणि मुलं मागून, एवढंच.” हॅचर तिथेच होता. तो म्हणाला, “पेपरात देऊया. नव्वद मैलांवरून येणारी बाई, फोटोसकट. राज्याचा माणूस पुढच्या शुक्रवारी येतोय, त्या दिवशी जादा तास ठेवायला लावू आणि त्यालाही तळघरात नेऊ. इमारतीचं काम पक्कं समजा.” आणि मला म्हणाला, “आईला म्हणावं, जरा बरे कपडे घालून ये.”

आई, तेव्हा मला दिसलं, तुझं खरं काम त्यांच्या खोट्याला झाकण म्हणून किती नेमकं बसतंय. तू फेब्रुवारीचं खोटं मे महिन्यात राबून खरं करत होतीस आणि ते ताटावर बसल्यासारखे वाट बघत होते. मी त्या दोघांकडे बघत राहिले आणि मनात त्यांना नावं ठेवत राहिले. मला वाटत होतं, निदान मी त्यांच्यासारखी नाही.

त्या संध्याकाळी मारिक्रूसने तुझी चिठ्ठी आणून दिली. ती मला आता तोंडपाठ आहे.

‘लिफाफ्यात फॉर्मच्या नकलाही होत्या. नाव कुणी लिहिलं ते मला तेव्हाच कळलं. ते अक्षर मीच शिकवलंय. राज्याचा माणूस आला की मी त्याला सांगेन, फेब्रुवारीत तू मला विचारलं होतंस आणि मी हो म्हटलं होतं. मग तुझ्यावर काही यायचं नाही. जेवत जा.’

म्हणजे ‘ऑफिसात दहा हात लागतात’ हे मी तुला लिहिलं, तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझंच अक्षर पडलेलं होतं. आणि तू मला काही बोलली नाहीस.

आता मी लिहिते ते नीट लिहिते.

तुझं नाव मी लिहिलं. अकरा वेळा. दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. मिस क्विंतानांनी सांगितलं हे खरं, पण त्यांनी माझा हात धरला नव्हता. पहिला फॉर्म भरायला मला पंधरा मिनिटं लागली. पेन उचललं, ठेवलं, पाणी प्यायले. आणि मग, हे सांगायला सगळ्यात जड जातंय, मला थोडा अभिमान वाटला. छापील सरकारी कागदावर तुझं नाव, ‘शिक्षक’ या रकान्यात. तुला आयुष्यात कुणी तो रकाना दिला नव्हता. म्हणून मी ते चांगल्या अक्षरात लिहिलं. शेवटचे चार भरताना मी सफरचंद खात होते. सहावं नाव मारिक्रूसचं होतं. ते लिहिताना तिची बीजगणिताची वही माझ्या टेबलावर होती.

मला वाटायचं, तू आम्हाला घरी ठेवून शिकवलंस म्हणून मी या शाळांच्या घाणीपासून वेगळी आहे. आकडे, अक्षरं, केक, सगळ्यांना मी मनातल्या मनात नाक मुरडायची. पण घरी शिकणं म्हणजे काय, हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. तुझे चार महिने मला माहीत होते. मिस क्विंतानांना तो नुसता एक रकाना होता. मला माहीत असून मी त्यात गळालेली पोरं भरली.

आणि आता तू, एउफेमिया आर्चुलेता, माझ्यासाठी खोटं बोलायला निघालीस. चिठ्ठी वाचून मला जी किळस आली ती क्विंतानाची नव्हती, हॅचरचीही नव्हती.

काल सकाळी मी अकराही नावांपुढे ‘शाळा सोडली’ अशी दुरुस्ती केली, खऱ्या तारखा घातल्या, आणि कोणाचं नाव कुणी कधी लिहिलं याचं पत्र खात्याला नोंदणी टपालाने पाठवलं. पावती माझ्याकडे आहे. मग मिस क्विंतानांच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, “एकशे चाळीस मुलं अजून किती वर्षं त्या गळक्या छताखाली बसवायची? तू सांग. तू इतकी स्वच्छ आहेस, तर तूच सांग.”

छत खरंच गळतं. ‘बी’ आता मिळणार नाही, आणि त्या मुलांनी कुणाचं काही केलेलं नाही. माझी नोकरी महिनाअखेरपर्यंत आहे, कदाचित तेवढीही नाही. मी स्वच्छ आहे असं मला वाटत नाही. फक्त मारिक्रूसचं नाव आज सकाळी शाळेच्या पटावर परत आलं. ऑगस्टमध्ये ती चिठ्ठ्यांशिवाय बारावीत बसेल. तिला मी हे सांगितलं तेव्हा तिने आभार मानले नाहीत. म्हणाली, “मग फेब्रुवारीतच का नाही केलंत, मिस?” ठीकच विचारलं तिने.

दुरुस्ती लागू झाली की नियमाने ती मुलं तुझ्या नावावर राहणार नाहीत. तू लगेच शिकवणं थांबवशील, अशी मला धास्ती आहे. मारिक्रूसचं ऑगस्टपर्यंत निभेल, पण बाकीच्या चौघांना कामामुळे, बाळामुळे शाळेत परतता यायचं नाही. त्यांच्यासाठी तू स्वतःच्या हाताने फॉर्म भर, त्यांच्या पालकांना विचारून. मी कोरे फॉर्म सोबत ठेवलेत. शिकवणाऱ्याचा रकाना मी रिकामाच सोडलाय.

शुक्रवारी तो माणूस आधी माझ्याकडे येईल, मग तुझ्याकडे. तो तुला विचारेल, “फेब्रुवारीत तुमच्या मुलीने तुमची परवानगी घेतली होती का?”

आई, नाही म्हण. माझ्यावर काय येईल याचा विचार करू नकोस. तो लिहून घेत असेल, तर माझं नाव त्याला नीट सांग, पूर्ण. तू माझ्या बाजूने एक शब्द जरी खोटा बोललीस, तर मग मला परत यायला घर उरणार नाही.

गुरुवारी तळघर सुटल्यावर मी बाहेर उभी राहीन. भेटायचं नसेल तर तशीच ट्रककडे जा. मी हाक मारणार नाही.

तुला न विचारता तुझं नाव लिहिणारी,
तुझी मुलगी,
देल्फिना आर्चुलेता